आबांना न पटलेले नायक

आबा,

तुमच्या दशक्रियेला घाटावर पाच भाषणं झाली. पहिल्याने तुम्हाला कामगारांचा आधार म्हटलं, दुसऱ्याने शिस्तीचा माणूस म्हटलं, तिसऱ्याला तुमचं नावच आठवेना म्हणून तो मागच्या फ्लेक्सकडे वळून वळून बघत बोलला. जे बोलले ते सगळं खरंच होतं. पण बायकांच्या बाजूला बसल्या बसल्या मला सारखं वाटत होतं की उठावं, माइक घ्यावा आणि सांगावं, मंडळी, या माणसाने गेल्या दोन वर्षांत एकोणतीस प्रेमकथा ऐकल्या, त्यातल्या सत्तावीस नापास केल्या, आणि त्यातला एकही नायक त्यांनी जावई म्हणून दारात उभा केला नसता.

उठले नाही. सासऱ्याच्या दशक्रियेला सुनेने माइक धरायची पद्धत आपल्या मोशीत अजून पडलेली नाही, आणि मी असलं काही बोलले असते तर लोकांनी मला दुःखाचा झटका आला म्हणून बाजूला नेऊन पाणी पाजलं असतं. म्हणून आता लिहितेय. शिवाय तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, आणि एक कबूल करायचं राहिलंय.

सुरुवात तुमच्या मोतीबिंदूपासून झाली. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, आणि काही दिवस वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही असं बजावलं. बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस गॅलरीतल्या खुर्चीत नुसता बसून कसा राहणार? पेपर मी वाचून दाखवायचे, तो पंधरा मिनिटांत संपायचा. मग तुमची चिडचिड सुरू. चौथ्या दिवशी मी तुमच्या डोळ्यात थेंब टाकून शेजारी मोबाईल घेऊन बसले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मनीषा, रोज त्या मोबाईलमधी काय वाचतीस गं? बसमधी बी वाचतीस, भाजी शिजती तवा बी वाचतीस."

"काही नाही आबा, गोष्टी."

"मग गोष्ट वाच की. मी काय बहिरा झालोय व्हय?"

आता सासऱ्याला कसं सांगायचं की ही गोष्ट एका दिल्लीच्या उद्योगपतीची आहे आणि आत्ता तो पावसात भिजलेल्या आपल्या सेक्रेटरीला स्वतःचा कोट देतोय? पण तुम्ही नको म्हटलेलं ऐकणाऱ्यातले नव्हता. मी घसा साफ केला आणि वाचायला लागले. कोट दिला, गाडीत बसले, गाडी बंद पडली. पुढे जे काही होतं ते मी वाचणं शक्यच नव्हतं, म्हणून म्हटलं, "आबा, इथं दोन पानं निसर्गाचं वर्णन आहे, ते गाळते."

तुम्ही मान हलवलीत. त्या आठवड्यात मी सहा वेळा निसर्ग गाळला. सातव्या वेळी तुम्ही काळा चष्मा न काढता म्हणालात, "ह्या पुस्तकात झाडं लई हायेत." मी मोबाईल तोंडापुढे धरला. तुम्हीही तोंड वळवून समोरच्या टॉवरकडे बघत राहिलात, पण तुमचे खांदे हलत होते. त्या दिवसापासून माझी भीड गेली. तुमची तर कधी नव्हतीच.

मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला. दिवसभर पार्ट हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, ओरखडा शोधायचा. मला वाटायचं, चुका काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही. मग मी तुम्हाला त्या उद्योगपतीचं चौथं प्रकरण वाचून दाखवलं.

"थांब," तुम्ही म्हणालात. "हा कामावर येतो कधी?"

"आबा, तो मालक आहे."

"मालक आसंल. पर चार प्रकरणं झाली, ह्याच्या कंपनीतनं एक तरी गाडी माल भाईर गेला का? नुसता हिच्या टेबलापुढनं फिरतोय."

"तो तिच्या प्रेमात पडलाय."

"मग तिला आधी पर्मनंट कर म्हणावं."

मी इतकी हसले की स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला. पण हसून झाल्यावर तुम्ही गंभीरपणे जे सांगितलंत ते मी विसरलेले नाही. साहेबाने लाइनवरच्या एखाद्या पोरीला वारंवार केबिनमध्ये बोलावलं की तुम्ही युनियनचे कमिटीवाले गेटवर जाऊन बसायचात. पोरगी नाही म्हणू शकत नसेल तर तिच्या हो म्हणण्याला काय अर्थ, असं तुमचं म्हणणं. मी स्वतः सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली आहेत. तोवर मी असल्या पन्नास कथा वाचल्या होत्या, आणि ही साधी गोष्ट मला एकदाही खटकली नव्हती. आता मालक आणि सेक्रेटरी अशी जोडी दिसली की मी पहिल्यांदा बघते, बाई नोकरी सोडू शकते का. सोडू शकत असेल तर पुढे वाचते.

तुमची मतं अशीच असायची. नायिका जिन्यावरून, स्टुलावरून, सायकलवरून पडते आणि दर वेळी नायकाच्या हातातच पडते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिला बीपी हाय का ते बघा. आठवड्यात तिसऱ्यांदा पडली." डोंगरावरच्या हॉटेलात एकच खोली शिल्लक आहे म्हणून दोघं एकत्र राहतात आणि सकाळपर्यंत प्रेम जमतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमी एका खोलीत अकरा माणसं ऱ्हायलो. प्रेम काय जमलं न्हाई, मोरीवरनं भांडणं मात्र रोज झाली." आणि दोन मित्रांमध्ये अडकलेली नायिका अठरा प्रकरणं झाली तरी ठरवत नव्हती, तेव्हा तुम्ही मला ते पुस्तक बंदच करायला लावलंत. दोघांनाही तिने सोडावं आणि एखादा कोर्स करावा, हे तुमचं म्हणणं मला आजही पटतं.

सगळ्यात जास्त आपण भांडलो ते तुसड्या नायकावरून. सगळ्या जगाशी कडू आणि एका तिच्याशीच गोड, हा प्रकार मला फार आवडतो, अजूनही आवडतो. तुम्ही त्याचं तोंडही बघायला तयार नसायचात. "तो वॉचमनशी कसा बोलतो ते आधी बघ," तुम्ही म्हणायचात. "लग्नाला दोन वर्षं झाली की बायकोशी बी तसाच बोलंल." मी म्हणायचे, आबा, माणूस बदलतो. तुम्ही म्हणायचात, बेअरिंग वाजायला लागलं की तेल घालून आवाज दोन दिवस दबतो, बेअरिंग तेच राहतं. मी म्हणायचे, माणूस म्हणजे बेअरिंग नाही. यावर तुम्ही दर वेळी एकच उत्तर द्यायचात, "चा ठेव."

आणि दुसरं भांडण शेवटाचं. सगळं लग्नापाशी का संपतं, असा तुमचा सवाल. "तिथनं तर खरी पंचाईत सुरू व्हती आन ह्यांनी पुस्तकच मिटलं." मी सांगायचे, आठ तास उभं राहून, बसमध्ये लोंबकळत घरी येणाऱ्या बाईला दिवसात एक तरी गोष्ट नीट संपलेली हवी असते. शेवट गोड होणार हे आधीच माहीत असतं, म्हणूनच मधलं सगळं रडणं सहन होतं. तुम्हाला ते पटलं की नाही ते सांगितलं नाहीत. पण एक गोष्ट तुम्ही कधीच केली नाहीत, त्याबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत. माझ्या वाचनाला घरीदारी सगळे टाइमपास म्हणतात, संदीपसुद्धा म्हणतो, आणि तो माझा नवरा असला आणि तुमचा मुलगा असला तरी या बाबतीत तुमच्यावर गेलेला नाही. तुम्ही मात्र माझ्या या पुस्तकांशी खरं भांडलात. ज्याची किंमत नाही त्याच्याशी कोण कशाला एवढं भांडेल?

तुम्हाला आवडलेला एकच प्रकार होता, कराराचं लग्न. काहीतरी कारणाने दोघं कागदोपत्री लग्न करतात आणि मग हळूहळू ओळख होते. मला वाटलं होतं तुम्ही हे पहिल्या पानावर फेकून द्याल. तुम्ही म्हणालात, "हे खरं हाय. लग्न आधी, वळख मागनं. आमचं बी तसंच झालं. ती पयल्यांदा बोलली ती चवथ्या दिवशी. म्हनली, तुमच्या सदऱ्याला बटण न्हाई."

मी वाचायची थांबले. कारण या घरात येऊन मला सात वर्षं झाली होती, आणि तुमच्या तोंडून आईंबद्दल "ती" असा साधा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. एरवी त्या "तुझी सासू" असायच्या. तेही मध्ये कुणीतरी असलं तर.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या दोघांच्या अबोल्याला एक वर्ष झालं होतं. पहिले काही दिवस मला कळेचना. आई तुमच्यापासून दोन हातांवर ताट वाढत असायच्या आणि तुम्ही मला विचारायचात, "मनीषा, तुझ्या सासूला इचार, भाजीत मीठ घातलंय का." आई मला सांगायच्या, "त्यांना सांग, बीपीची गोळी चालू हाय, कमीच घातलंय." दोघांचंही मला ऐकू यायचं, दोघांनाही एकमेकांचं ऐकू यायचं, आणि मी मध्ये उभी राहून दोन्ही वाक्यं परत एकदा म्हणायचे. घरात कुणी नसलं तरी तुमचं अडायचं नाही. एकदा मी बाहेरून येऊन चपला काढत होते, तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही भिंतीला म्हणालात, "चा मिळंल का म्हणावं." आणि आतून आई ओट्याला म्हणाल्या, "ठेवलाय म्हणावं." मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे येईनासं झालं.

कारण कुणी सांगत नव्हतं. संदीपला विचारलं तर तो म्हणायचा, "त्यांचं ते बघतील, तू मध्ये पडू नको." मध्ये तर मी रोज तीन वेळा पडत होते.

आणि तुम्हाला सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा आबा? गैरसमजाचा. नायक तिला दुसऱ्या कुणाबरोबर बघतो, विचारत नाही, निघून जातो. नायिका त्याच्या भल्यासाठी काहीतरी लपवते, सांगत नाही. पुढची दीडशे पानं दोघं झुरतात. त्या दीडशे पानांत तुम्ही खुर्चीच्या हातावर थापा मारायचात. "अरे एक फोन कर की लेका! मुकं हायेत का दोघं? एक फोन, मिटलं!" हे तुम्ही गॅलरीत एवढ्या मोठ्याने ओरडायचात की स्वयंपाकघरात शब्द न् शब्द पोचायचा. आतून काहीच आवाज यायचा नाही.

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस माझा तोल गेला. फर्स्ट शिफ्ट करून आले होते, पाय दुखत होते, कंपनीत एका लॉटवरून बोलणी खाल्ली होती. तुम्ही परत तेच सुरू केलंत, एक फोन, एक फोन. मी मोबाईल खाली ठेवला आणि म्हटलं, "आबा, पुस्तकातल्या लोकांना शिव्या देता. तुम्हाला तर फोनसुद्धा लागत नाही. स्वयंपाकघर दहा पावलांवर आहे."

तुमचा चेहरा मला आठवतो. तुम्ही रागावलात असं नाही म्हणता येणार. कुणीतरी भर सभेत नाव घेतल्यासारखे तुम्ही इकडेतिकडे बघितलंत, उठलात आणि देवळाकडे गेलात. पाच दिवस तुम्ही गोष्ट मागितली नाहीत. मीही विचारलं नाही. मला वाटलं, आता या घरात दोन अबोले झाले.

सहाव्या दिवशी, गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, तुम्ही स्वतःहून खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, "बस. आज मी सांगतो, तू ऐक."

मग तुम्ही सांगितलंत. आईंच्या माहेरची, चाकणच्या पलीकडची जमीन. कंपन्या आल्या, रस्ता आला, आणि ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं तिच्यासाठी माणसं दारात गाड्या लावायला लागली. आईंच्या भावांनी बहिणींना हक्कसोडीच्या सह्या करायला बोलावलं. तुम्ही आईंना म्हणालात, सही करू नको, तुझा हक्क आहे, मी कमिटीत लोकांच्या हक्कासाठी भांडलो आणि माझ्या घरातल्या बाईने हक्क सोडायचा? आई काही बोलल्या नाहीत. भाऊबीजेला गेल्या, सही केली, साडी घेऊन परत आल्या, आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला कळलं ते पंधरा दिवसांनी, पारावर, चार माणसांत. कुणीतरी हसत म्हणालं, "काय कामगार नेते, घरच्या मंडळींनी तर सोडलं की सगळं."

"जमिनीचं मला काय बी न्हाई," तुम्ही म्हणालात. "पर मला सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही विचारलंत का त्यांना?"

"मी कशापायी इचारू? जिनं लपवलं तिनं बोलावं."

"आबा, ज्याला त्रास होतोय त्याने बोलावं. पुस्तकात तुम्हीच म्हणता."

"पुस्तकात म्हणायला काय जातंय," तुम्ही म्हणालात, आणि मग बराच वेळ तुम्ही आपली बोटं चोळत बसलात. मला तेव्हा पहिल्यांदा तुमची दया आली. तुम्ही आठ वर्षं रागावलेले नव्हताच. तुम्हाला परत बोलायला सुरुवात कुठून करायची तेच सापडत नव्हतं.

त्यानंतर मी मुद्दाम ती कादंबरी निवडली. हो, मुद्दाम, आता सांगायला हरकत नाही. सहा वर्षं वेगळे राहिलेले नवरा-बायको. तिने त्याला न सांगता एक मोठा निर्णय घेतलेला असतो, तो तिला सोडून गेलेला असतो, आणि आता तो परत येतो. दुसरी संधी हा प्रकार तुम्ही आधी दोनदा नापास केला होता. एकदा फुटलेलं परत जोडतात ते फक्त पुस्तकात, असं तुमचं मत. पण या वेळी तुम्ही काहीच बोलत नव्हता. थाप नाही, ओरडणं नाही. नायकाला एकही शिवी नाही. मी मध्ये थांबून बघायचे, झोप लागली का. तुम्ही जागे असायचात.

आणि मग तो मंगळवार. माझी सेकंड शिफ्ट होती. सकाळची कामं उरकून अकराला आपण बसलो. तो तिच्या दारापर्यंत येतो, बेल वाजवतो, आणि प्रकरण संपतं. मी पुढचं उघडायला लागले तर तुम्ही हात वर केलात.

"थांब. तिला बोलव."

"कुणाला?"

"आता कुणाला म्हंजे? तिला. तिला बी ऐकू दे हे."

आबा, मला तेव्हाच उठायला हवं होतं. दहाच पावलं होती. पण मी घड्याळाकडे बघितलं. डबा भरायचा होता, युनिफॉर्म वाळत होता, बस दोनला कोपऱ्यावर येते आणि त्या आठवड्यात एकदा चुकलेली होती. आणि मनातून मला वाटलं, एवढी मोठी गोष्ट घाईत नको, नीट व्हावी. मी म्हटलं, "उद्या करू ना आबा. उद्या आईंना घेऊन पहिल्यापासून वाचू."

तुम्ही म्हणालात, "बरं, उद्या."

बुधवारी सकाळी नऊला तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि बारा वाजायच्या आत दवाखान्यात सगळं संपलं. कबूल करायचं होतं ते हे. तुम्ही बोलायला तयार झाला होता आणि मी तुम्हाला थांबवलं. संदीपला सांगितलं तर तो म्हणाला, तुला काय माहीत होतं. बरोबर आहे, नव्हतं माहीत. पण रोज लाइनवर उभी राहून मी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खूण करते, तेव्हा माझ्या चुकीवर मी करायला नको?

आई दहा दिवस फार रडल्या नाहीत. येणाऱ्या बायका कुजबुजायच्या, बोलत नव्हते ना दोघं, म्हणून. मला त्या बायकांना दाराबाहेर काढावंसं वाटायचं. तुमची मंगळवारची हाक माझ्याजवळच पडून होती. सांगावी तर वाटायचं, आता सांगून त्यांचा जीव आणखी जाळायचा का? नाही सांगावी तर तुमचा शब्द माझ्यापाशीच मरणार. शिवाय मी त्यांच्यापासून काहीतरी लपवत होते, त्यांच्या भल्यासाठी. असल्या नायिकेला तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ होतं.

तेरावा झाल्यावर पहिल्या गुरुवारी आई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सांगितलं. मंगळवारी आबांनी तुम्हाला बोलवायला सांगितलं होतं, तिला बी ऐकू दे म्हणाले, मीच उद्यावर टाकलं, माझी चूक झाली.

आईंनी हातातली जुडी संपवली. मग दुसरी घेतली. मला वाटलं, ऐकलं नाही की काय.

"असं म्हनले?"

"हो."

"तिला म्हनले का तुझ्या सासूला म्हनले?"

"तिला म्हणाले, आई."

त्यांनी पदराने नाक पुसलं. मग म्हणाल्या, "मग आण ती गोष्ट. वाच."

"आबा थांबले होते तिथून?"

"मधनंच मला काय कळंल? पयल्यापासनं वाच."

आता रोज वाचतो आम्ही. आणि आबा, मी समजत होते मतं या घरात एकाच माणसाला आहेत. आईंना श्रीमंत नायक आवडतो. "असू दे की शिरीमंत," त्या म्हणाल्या. "गरिबाशी लगीन करून मी काय सोनं लुटलं? निदान पुस्तकात तरी बाईच्या हाताखाली चार माणसं असू द्या." पडणाऱ्या नायिकेबद्दल त्यांचं म्हणणं, ती मुद्दाम पडते, आणि शहाणी आहे. पुस्तकातली सासू दर वेळी वाईटच का असते, यावर त्यांनी मला एक दिवस भर दुपारी जाब विचारला, जणू मीच लिहिलीय. तुसड्या नायकावर मात्र त्या माझ्या बाजूने आहेत. बदलतो म्हणाल्या, वेळ लागतो, पण बदलतो. तेव्हा तुम्ही एकटे पडलात. त्यांना हसताना ऐकून परवा संदीप बाहेरच्या खोलीतून येऊन बघून गेला.

काल आम्ही त्या दारापाशी पोचलो. बेल वाजते, प्रकरण संपतं. तुम्ही ऐकलेलं तेवढंच. मी पुढचं उघडलं. ती दार उघडते. तो आत येत नाही, उंबऱ्याबाहेरूनच पहिलं वाक्य बोलतो, तू मला सांगितलं का नाहीस?

मी पुढची ओळ वाचणार तेवढ्यात आई बोलल्या. माझ्याशी नाही. गॅलरीकडे तोंड करून, रिकाम्या खुर्चीकडे बघत, थोड्या रागाने आणि अगदी घरच्या आवाजात.

"आवं, इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमच्याशी माझं वैर नव्हतं. मला माहेरचा उंबरा ऱ्हावा म्हणून केली सही. भावांनी बोलणं टाकलं असतं, तर आईला भेटाया मी कुणाच्या दारात गेले असते? आन तुमाला आधी सांगितलं असतं, तर तुमी जाऊ दिलं नसतं. एवढंच व्हतं. एवढ्यापायी आठ वर्षं घालवली व्हय?"

त्या थांबल्या. खुर्चीकडे आणखी थोडा वेळ बघत राहिल्या, तुम्ही ऐकून घेताय की नाही याचा अंदाज घेत असल्यासारख्या. मी मोबाईल मांडीवर धरून बसून राहिले. त्या बोलण्यात माझं काही कामच नव्हतं. आबा, त्या तुमच्याशी बोलल्या, आणि मधे मी नव्हते.